पोलिसी शेरा आणि नेमणूक

सरकारी नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराचे पूर्वचारित्र्य पोलिसांकडून तपासून घेण्याचा शासनाला अधिकार आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो तपासावयाचे काय, याचा. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाची नोकरी पोलिसांच्या अहवालावरून गेली. त्याचा अपराध कोणता? तर पूर्वी त्याने रा. स्व. संघ व जनसंघ यांच्या कार्यात भाग घेतला होता! नोकरीसाठी उमेदवाराच्या राजकीय मतांवर पोलिसांचा अहवाल मागविणे हेच मुळी मूलभूत हक्कांशी विसंगत आहे, असे १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. चिनप्पा रेड्डी यांनी राज्य सरकारला सुनावले. पुढे २०१६ साली अवतारसिंग खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की, माहिती दडविणे गैरच. तथापि तरुण वयात घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा दडविला असल्यास नेमणूक करणाऱ्याने तारतम्याने तो दुर्लक्षावा. तारतम्य! नेमकी हीच वस्तू कचेऱ्यांत दुर्मिळ. नकार दिला म्हणून अधिकाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. होकार मात्र अंगलट येऊ शकतो. म्हणून प्रतिकूल अहवालाची प्रत उमेदवाराच्या हाती पडलीच पाहिजे, आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून नेमणूक रद्द होता कामा नये.