जवळचा मुक्काम

लग्नाचा वाढदिवस साजरा करणें ही आपल्याकडील जुनी रीत नव्हे. मुलांना ओंवाळावें, वडील माणसांच्या साठी-पंच्याहत्तरीच्या शांति कराव्या; परंतु पतिपत्नींनीं आपलाच दिवस धरून दोघांनींच कोठें जावें, हें अजूनहि पुष्कळ घरांत थोडें चोरटेंच वाटतें. लग्नानंतर जोडीनें जावयाचें तें कुलदैवतास, आणि तेंहि दहा माणसांच्या लवाजम्यासह! पुढें सहली होतात, पण त्यांत डबे, मुलें आणि सामानसुमान यांचीच सरबराई अधिक. काश्मीर किंवा केरळ पाहून परतलेल्या गृहिणीस विचारून पाहावें. विसांवा मिळाला असें ती क्वचितच म्हणेल.

यासाठीं एका रात्रीच्या आणि घराजवळच्याच मुक्कामाची शिफारस मी वाचकभगिनींना करणार आहें. आम्ही कल्याणला राहतों, तेव्हां आम्हांला माथेरान जवळ. नेरळपर्यंत लोकल, आणि पुढें छोटी आगगाडी. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं हें ठिकाण हेरलें, व १९०७ सालीं पीरभॉय पितापुत्रांच्या खटपटीनें ही दोन फुटी रुळांची गाडी डोंगर चढूं लागली. वाटेंत बोगदा एकच. त्याचें नांव 'वन किस टनेल', कारण तो सरावयास तेवढाच अवधि लागतो म्हणे. आमच्या समोर एक वयोवृद्ध गृहस्थ बसलेले असल्यामुळें या नांवाची सत्यता पडताळतां आली नाहीं. पावसाळ्यांत नेरळहून ही गाडी बंद असते. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस उत्तम. शनिवार-रविवार मात्र टाळावा.

दस्तुरी नाक्यापुढें मोटारींना मज्जाव आहे. तांबड्या मातीच्या वाटेनें पायीं अथवा घोड्यावर जावें; अलीकडे विजेवरच्या रिक्षाहि धांवतात. आमचें हॉटेल म्हणजे एक जुना बंगलाच होता. रुंद व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, आणि माकडांच्या धास्तीनें खिडक्यांना जाळ्या. दोन्ही वेळचें जेवण भाड्यांतच. आमटी अंमळ गोडच होती. पण 'आज काय करूं?' हा प्रश्न पंचवीस वर्षांत प्रथमच दुसऱ्या कोणास तरी पडला होता, त्यामुळें मीं ती दोनदां वाढून घेतली.

दूर न जाण्याचें आमचें खरें कारण निराळें होतें. सासूबाई ८४ वर्षांच्या. खुब्याचें हाड मोडल्याला अकरा वर्षें झालीं. तेव्हांपासून आम्ही दोघें एकाच रात्रीं घराबाहेर कधीं राहिलों नव्हतों. या वेळीं वन्सं मुद्दाम येऊन राहिल्या, आणि निकड पडलीच तर तीन तासांत परततां येईल असा हिशेब आम्हीं करून ठेवला. दहा वाजतां फोन केला, तों सासूबाईंनींच तो घेतला. "औषध घेतलें मीं. तुम्हांला तिकडे दुसरा उद्योग नाहीं का?"

त्यानंतर व्हरांड्यांत बसलों असतांना हे म्हणाले, "मला रोज रात्रीं तीनला जाग येते. आईच्या खोलींत जाऊन, तिचा श्वास नीट चालला आहे ना तें पाहून येतों." मीं रोज पहांटे पांचला हेंच करीत आलें आहें. अकरा वर्षांत आम्हीं एकमेकांना हें सांगितलें नव्हतें! मग बोलणें वाढत गेलें. यांची सेवानिवृत्ति तोंडावर आलेली, माझे गुडघे कुरकुरूं लागलेले. आईला परक्या हातीं सोंपवावयाचें नाहीं, हा यांचा आजवरचा हट्ट. रात्रीसाठीं बाई ठेवावी असें त्या रात्रीं यांनींच सुचविलें, आणि सुचवितांना यांचा आवाज दाटून आला. घरीं हा विषय निघणेंच शक्य नव्हतें. भिंतीपलीकडे सासूबाई निजतात, आणि त्यांचे कान अद्याप तिखट आहेत.

आतां आठवड्यांतून दोन रात्रीं बाई येते. सासूबाईंना ती फारशी पसंत पडलेली नाहीं. तिचा चहा पाणचट असतो, अशी त्यांची तक्रार आहे. बाईनें मात्र ती अजून मनावर घेतलेली नाहीं.