प्रश्न पायाचा नाही, कंपायलरचा आहे

जानेवारी २०२३ मध्ये ‘भारओएस’ लोकांसमोर आली आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणे, आत्मनिर्भरता साधली. दुसरा म्हणे, हे तर अँड्रॉइडच. पाया परका आहे की नाही, याखेरीज दोघांनाही काही विचारावेसे वाटले नाही.

आरंभीचा पाया सर्वांचाच परका असतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा पहिला कर्नल मिनिक्सवर बसूनच, जीसीसीने बांधला. आजही हौसेने ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारा विद्यार्थी आधी क्रॉस-कंपायलर बांधतो. कारण उबुंटूवरचा नेहमीचा कंपायलर उबुंटूच्याच लायब्ररी गृहीत धरतो आणि नव्या कर्नलपाशी तर साधे प्रिंटएफसुद्धा नसते. दुसऱ्याच्या चुलीवर पहिला स्वयंपाक करण्यात लाज कसली?

लाज वाटावी ती अज्ञानाची. सोर्स कोड कितीही निर्मळ असला तरी कंपायलर त्यातून बनणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा ठेवू शकतो आणि स्वतःच्या पुढच्या आवृत्तीतही तो गुपचूप उतरवू शकतो, हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले. तेव्हा ‘स्वदेशी’ म्हणवणाऱ्या प्रत्येक प्रणालीला विचारायचे ते हे: ती कोणत्या कंपायलरने बांधली? तोच सोर्स घेऊन तिऱ्हाइताने बांधली, तर बिट न् बिट तीच फाइल मिळते का?

हे विचारणारा पदवीधर मात्र घडवावा लागतो. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत शेड्युलिंगचे तक्ते भरून ऑपरेटिंग सिस्टिम्सचा पेपर सुटतो, एकही कर्नल कंपाइल न करता.