केसपेपरच्या खिडकीमागे

मेडिकल इन्फर्मेटिक्समध्ये मास्टर्स करावं का, हे विचारायला मुलं माझ्याकडे येतात. बहुतेक इंजिनिअर, अधूनमधून एखादी बीएएमएस. अकरा वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढून मी चाळिशीत हे शिक्षण घेतलं, म्हणून लोक त्यांना पाठवतात. "मॅडम, पायथॉन येतं, तेवढं पुरेल ना?" हा ठरलेला प्रश्न.

पायथॉन मलाही आलं, चार महिन्यांत. पण या विषयाकडे मला ओढलं ते एका बाळंतिणीनं. आमच्या केंद्रात तिची नोंद सासरच्या नावानं. लग्नात आडनावाबरोबर नावही बदललेलं. रक्तगट निगेटिव्ह, रजिस्टरात लाल पेनानं लिहिलेला. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, शेजारच्या जिल्ह्यात. तिथे ती माहेरच्या नावानं दाखल झाली आणि कार्ड राहिलं सासरी, कपाटात. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर अशा आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. तिचा रक्तगट तिथे कळला तिसऱ्या दिवशी, तोही नवऱ्यानं आमच्या सिस्टरना फोन केला म्हणून. इंजेक्शन मिळालं, अगदी काठावर. नोंदी दोन्हीकडे होत्या. बाई एकच आहे, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं.

वर्गात ही ओळख पटवण्याला 'रेकॉर्ड लिंकेज' म्हणतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी आभा क्रमांक हे यावरचंच उत्तर. चांगलं उत्तर आहे. पण ज्या मोबाइलवर त्याचा ओटीपी येतो तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा ऊसतोडीला! आजाराच्या नोंदीचंही तसंच. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञाकोशाचा भारत २०१४ पासून सदस्य आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्रही आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. तरी एखादी आजी "पोटात कालवतंय" म्हणते तेव्हा कोणता कोड निवडायचा, हे शेवटी ऑपरेटरच ठरवतो. मागे रांग असते, तो पहिला दिसेल तो निवडतो.

अमेरिकेत २०११ मध्ये क्लिनिकल इन्फर्मेटिक्सला डॉक्टरांची उपशाखा म्हणून मान्यता मिळाली, २०१३ मध्ये पहिली परीक्षा झाली. म्हणजे आधी रुग्ण, मग संगणक. हा क्रम मला पटतो. इंजिनिअरांनी येऊच नये असं नाही. माझा सगळ्यात हुशार सहाध्यायी इंजिनिअरच होता. पण त्याची आई आशाताई, आणि तिची रजिस्टरं भरतच तो मोठा झालेला.

आपल्याकडचे अभ्यासक्रम निदान एक सत्र तरी ओपीडीत का ठेवत नाहीत? ते ठेवतील तेव्हा ठेवतील. तोवर अर्ज भरण्याआधी, परवानगी काढून, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीमागे एक दिवस बसा. बाजाराच्या दिवशी जा, त्या दिवशी गर्दी जास्त असते.