बेटांच्या मिठाईला बारमाही उन्हाळा कशाला?

जपानी मिठाईचे पंचांग फार काटेकोर असते. वसंतात चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेली साकुरामोची येते, 5 मेच्या मुलांच्या सणाला ओकच्या पानातली काशिवामोची, 30 जूनला क्योतोत बर्फाच्या खड्यासारखी त्रिकोणी मिनाझुकी आणि थंडीची चाहूल लागण्याआधी चेस्टनटचे पदार्थ. मिठाईवाल्याच्या काचेआड काय मांडले आहे एवढे पाहून महिना ओळखता यावा, अशी ही शिस्त आहे. हीच बाजारपेठ दक्षिणेकडच्या ओकिनावा आणि आमामी बेटांकडे वळली, की मात्र ही शिस्त संपते. बेटांच्या वाट्याला एकच ऋतू येतो. निळा समुद्र, माडाची झाडे, जास्वंदीचे लाल फूल आणि वर्षभर उन्हाळा. ओकिनावाच्या भेटवस्तूंच्या दुकानातले खोके जानेवारीत घ्या किंवा जुलैत, चित्र बहुधा हेच. या चित्रामुळे बेटांच्या मिठाईवर अन्याय होतो, आणि निव्वळ पैशाच्या हिशेबानेही ते बेटांना परवडणारे नाही, असे माझे ठाम मत आहे.

या बेटांवरच्या अनेक गोड पदार्थांच्या मुळाशी असलेल्या कोकुतोपासूनच सुरुवात करू. कोकुतो म्हणजे सरळ शब्दांत काळा गूळ. उसाचा रस काढायचा, चुना घालून मळी वर आणायची, ती काढून रस आटवायचा आणि घोटून थिजवायचा. साखर आणि काकवी वेगळी करायची नाही, ही त्यातली मुख्य अट. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवे काही सांगावे लागणार नाही. आज ओकिनावातल्या आठ बेटांवर कोकुतोचे कारखाने चालतात: इहेया, इए, आगुनी, तारामा, कोहामा, इरिओमोते, हातेरुमा आणि योनागुनी. माती वेगळी, खाऱ्या वाऱ्याचा मारा वेगळा आणि आटवण्याची पद्धतही थोडी वेगळी, म्हणून प्रत्येक बेटाच्या गुळाची चव, रंग आणि ठिसूळपणा निराळा. या बेटांवरचा ऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात तुटतो आणि गाळला जातो. म्हणजे ज्याला आपण उन्हाळी बेटाची चव म्हणतो ती मुळात हिवाळ्याच्या कष्टाची चव आहे. उन्हाळा हा तिथे वादळांचा काळ. उभा ऊस आडवा होतो, खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याने पाने करपतात आणि शेतकरी आकाशाकडे पाहत दिवस काढतो. खोक्यावरच्या उन्हाळ्यात यातले काहीच नसते.

बेटांना स्वतःचे पंचांग नव्हते म्हणून बाहेरच्यांनी ते बहाल केले, असेही नाही. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या अष्टमीला ओकिनावात घरोघरी मूची करतात. चिकट तांदळाच्या पिठात कोकुतो किंवा जांभळे रताळे मळून, गेत्तोच्या लांब पानात बांधून ती वाफवायची. गेत्तो ही हळदीच्याच कुळातली वनस्पती. कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्लेल्यांना तो वाफेबरोबर पिठात उतरणारा सुगंध सहज कळेल. मूची मुलांच्या आरोग्यासाठी आणि घरातली इडापिडा टाळण्यासाठी करतात, आणि त्या सुमारास पडणाऱ्या थंडीला तिथले लोक मूचीचीच थंडी म्हणतात. चांद्र पाचव्या महिन्याच्या चतुर्थीला होड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा कोकुतो घातलेली पातळ धिरडी, म्हणजे चिनबिन, गुंडाळून मुलांच्या हाती दिली जातात. दुसऱ्या दिवशी मूग, जव आणि काळ्या गुळाची आमागाशी शिजते. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला अझुकी या लाल कडधान्याच्या उकडलेल्या दाण्यांनी मढवलेली फुचागी देवापुढे ठेवतात. इतके भरगच्च पंचांग असलेल्या समाजाला एका ऋतूत कोंबायचे, तर त्याचे निम्मे स्वयंपाकघर झाकावे लागते.

हे चित्र कुठून आले याचा मागही घेता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होते. 15 मे 1972 रोजी ते जपानकडे परतले आणि 1975 साली मोतोबू इथे आंतरराष्ट्रीय सागर प्रदर्शन भरले. मुख्य भूमीवरच्या जपानी माणसाच्या मनात तोवर हे नाव युद्धाशी आणि लष्करी तळांशी जोडलेले होते. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांच्या उन्हाळी जाहिरातींनी ते समुद्रकिनाऱ्याशी जोडले. याचा बेटांना फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. 15 लाखांहून कमी वस्तीच्या या प्रांतात 2019 साली एक कोटीहून अधिक पर्यटक आले. पण त्या निळाईखाली साखरेचा खरा इतिहास बुडाला. 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा संस्थानाच्या सरंजामदारांनी र्युक्यू राज्यावर, म्हणजे तेव्हाच्या ओकिनावावर, स्वारी केली आणि आमामी बेटे थेट आपल्या अमलाखाली घेतली. पुढे तिथे कर साखरेच्या रूपात वसूल होऊ लागला. झुशो हिरोसातो या कारभाऱ्याने 1830 नंतर तर पूर्ण मक्तेदारी लादली. भाताच्या जमिनींवर ऊस आला, शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला गूळ चाखणे हाही गुन्हा ठरला आणि चोरून विकणाऱ्याला देहदंडापर्यंतची शिक्षा होती. कर्जात बुडालेल्या सात्सुमाची तिजोरी या गुळाने भरली, आणि 1868 च्या सत्तांतरात याच सात्सुमाने पुढाकार घेतला. आधुनिक जपानच्या पायाभरणीत या बेटांचा ऊस आहे, हे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मिठाई आनंदासाठी असते. सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला गुळाच्या वडीबरोबर गुलामीचा इतिहास कशाला वाचायला लावायचा? मला तसे काही लादायचे नाही. माझी मागणी साधी आहे. खोक्यावर बेटाचे नाव असावे, उसाचा किंवा रताळ्याचा हंगाम असावा आणि पदार्थ कोणत्या सणाचा तेही असावे. साकुरामोची विकताना मिठाईवाला कुणाला इतिहास शिकवत नाही, तरीही गिऱ्हाइकाला वसंत कळतो. हाच मान मूचीला आणि चिनबिनला मिळायला हवा. शिवाय आनंद आणि माहिती यांचे वैर मानणे मला पटत नाही. तारामाचा गूळ आणि हातेरुमाचा गूळ शेजारी ठेवून चाखणाऱ्याला मिळणारा आनंद एकाच चवीच्या दहा वड्या खाणाऱ्यापेक्षा निश्चित मोठा असतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तो असा, की परंपरा म्हणून जे दाखवले जाते त्यातले बरेचसे नवे किंवा परके आहे, मग खरे-खोटे ठरवणार कोण? पीठ, साखर आणि डुकराची चरबी यांची खुसखुशीत चिन्सुको र्युक्यू राज्याच्या शुरी इथल्या दरबारातून आली, पण तिच्यावर चिनी मिठाईची छाया स्पष्ट आहे. रताळे 1605 साली नोगुनी सोकान याने चीनच्या फुज्यान प्रांतातून आणले. ते बेटांवर रुजवले गिमा शिंजो या अधिकाऱ्याने, आणि त्यानेच 1623 मध्ये माणसे फुज्यानला पाठवून गूळ करण्याची विद्या मिळवली. ओकिनावाचे सर्वांत प्रसिद्ध भेटखाद्य असलेले जांभळ्या रताळ्याचे टार्ट तर 1986 सालचे. पाश्चात्त्य पद्धतीच्या बेकरीतून, योमितान गावच्या विकासाच्या खटपटीतून ते जन्मले. वयाची कसोटी लावली तर हे टार्ट परंपरेबाहेर पडेल, पण ती कसोटीच मला चुकीची वाटते. ओकिनावातले कच्चे रताळे मुख्य भूमीवर नेण्यास कायद्याने बंदी आहे, कारण तिथे रताळी पोखरणारे दोन प्रकारचे सोंडे आहेत. जांभळे रताळे बेटाबाहेर पाठवायचे, तर ते शिजवून, प्रक्रिया करूनच. शेतकऱ्याच्या या अडचणीवर मिठाईने उत्तर शोधले, म्हणून ते टार्ट त्या मातीचे आहे. कुमे बेटावर किरणोत्साराने वंध्य केलेले नर सोडून 2013 साली यातल्या एका किडीचा नायनाट करण्यात आला. पुढे 2018 मध्ये रताळ्याच्या वेलाचा बुंधा कुजवणारा बुरशीजन्य रोग ओकिनावात आढळला, आणि कच्च्या मालाची ओढाताण झाली. मिठाईचे भवितव्य शेतातल्या एका बुरशीवर अवलंबून असते, आणि परंपरा तपासायची तर ती अशा नात्यात तपासावी. कच्चा माल तिथल्या जमिनीतून येतो का, तिथल्या माणसाला त्यातून काही मिळते का, तिथल्या पंचांगात त्याला जागा आहे का? या प्रश्नांना होकार असेल, तर पदार्थ 40 वर्षांचा असला काय किंवा 400 वर्षांचा असला काय, मला फरक पडत नाही.

उलट, केवळ निळ्या चित्राच्या जोरावर विकला जाणारा माल या प्रश्नांपुढे टिकत नाही. कच्च्या साखरेत काकवी मिसळून केलेला काळा गूळ खऱ्या कोकुतोपेक्षा स्वस्त पडतो, दिसायलाही तसाच असतो आणि त्यातला ऊस कुठलाही असू शकतो. वेष्टनावर घटकांची यादी असते, हे खरे. पण माडाचे चित्र पाहून खोके उचलणारा पर्यटक ती वाचत नाही. व्यापारी म्हणतात, की गिऱ्हाइकाला समुद्रच हवा असतो, आम्ही काय करणार? यावर करोनाच्या काळाचा अनुभव पुरेसा बोलका आहे. पर्यटक थांबले आणि आठही बेटांचा गूळ गोदामांत पडून राहिला. ज्याचे गिऱ्हाईक सुट्टीपुरते असते, त्याचा माल सुट्टी संपली की अडतो. याच देशात होक्काइदोने वेगळी वाट दाखवली आहे. बर्फ ही त्याची मोठी ओळख, तरीही दूध, लोणी, बटाटे, मका आणि खरबूज अशी त्याची नावे वर्षभर मुख्य भूमीच्या स्वयंपाकघरात असतात. ओकिनावाकडे आठ बेटांचा आठ चवींचा गूळ आहे, तो त्याच तोलाचा आहे.

हे बदलणे खर्चाचे आहे आणि लहान कारखान्यांकडे पैसा नाही, असे कुणी म्हणेल. ऊस तिथे सरकारी साहाय्यावर तगून आहे आणि गाळपाच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत म्हणून मुख्य भूमीवरून हंगामी माणसे आणावी लागतात, हे सगळे मान्य. पण थंडीत समुद्रात उतरणारे कमी होतात, विमानांत आणि हॉटेलांत जागा असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत तारामा, हातेरुमा, योनागुनीचे कारखाने चालू असतात, घरोघरी मूची वाफवली जात असते आणि नव्या उसाचा गूळ बाजारात येत असतो. पर्यटन खात्याने या काळाला मंदी समजणे सोडावे आणि ताज्या गुळाचा हंगाम म्हणून तो जाहीर करावा. मुख्य भूमीवरच्या मोठ्या दुकानांतली ओकिनावा प्रदर्शने भरवली जातात, त्यातले निदान एक फेब्रुवारीत घ्यावे. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकापुढे आठ बेटांचे आठ तुकडे ठेवावेत, त्यावर गाळपाचा महिना लिहावा आणि शेजारी गेत्तोच्या पानातली गरम मूची असावी. त्याला नवा कारखाना लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही.