अडीच फुटी रुळावरचा डबा

वखारीत पडलेला माल आणि जतन केलेला माल यांतील अंतर व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पोत्यावर खूण नसेल, वहीत नोंद नसेल, तर उत्तम मालही एक दिवस रद्दीच्या भावाने जातो. नॅरोगेज मार्ग बंद झाल्यावर शेडमध्ये उभा राहिलेला जुना डबा याच वाटेने भंगारात जातो.

आपल्या परिसरातील बार्शी लाइट रेल्वेचेच उदाहरण घेऊ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अडीच फुटी रेल्वे 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. रूळ हलके ठेवावेत म्हणजे खर्च आवरतो. मात्र कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू नये, हा त्यांचा हिशेब होता. म्हणूनच डबे लांब, बोगीवर चालणारे आणि दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीचे करण्यात आले. 1906 मध्ये ही गाडी पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. वारकरी आणि व्यापाऱ्यांचा माल, दोहोंची वाहतूक तिने केली. कुर्डुवाडीला रुळाची रुंदी बदलत असल्याने माल तेथे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. 1954 मध्ये ती सरकारकडे आली आणि नव्या शतकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला.

अशा मार्गावरील डब्याचा इतिहास त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो. कारखान्याची पाटी, चौकटीवरील क्रमांक, रंगाखाली दडलेले जुने रंग, काढलेल्या बाकांच्या खिळ्यांची भोके: प्रत्येक खूण काही सांगते. डागडुजीत फळ्या बदलत जातात, चौकट मात्र बहुधा मूळची राहते. नोंद न करता नवा रंग चढवला, तर डबा देखणा होतो, पण त्याची साक्ष पुसली जाते.

या साक्षीचा दुसरा भाग कदाचित आपल्याच घरी असेल. बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज येथील जुन्या पेढ्यांच्या दप्तरांत रेल्वेच्या बिल्ट्या, मालाच्या पावत्या, भाड्याच्या नोंदी असू शकतात. कोणता माल, कोणत्या तारखेस, किती भाड्याने गेला, हे डबा सांगू शकत नाही, वही सांगते.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत दप्तर आवरताना जुना कागद रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावा. त्यावरील तारीख व स्थानकाचे नाव वेगळ्या वहीत टिपून ठेवावे. शेडमधला डबा वाचवणे आपल्या हाती नसेल. त्याच्या जमाखर्चाचे पान वाचवणे मात्र नक्कीच आहे.