न मागितलेले शौर्य

ज्याच्या पदरात विजय जवळजवळ पडलेला आहे, ज्याने पंचवीस मिनिटांपैकी साडेचोवीसहून अधिक मिनिटे आपल्यापेक्षा जड हाताच्या प्रतिस्पर्ध्याला बुद्धीने आणि पायांच्या चपळाईने अंतरावर ठेवले आहे, आणि ज्याला आता केवळ मागे सरून घंटेची वाट पाहायची आहे, अशा लढवय्याने रिंगणाच्या मध्यभागी थांबून बोटाने पायाखालची जमीन दाखवावी आणि समोरच्याला तेथे येऊन ठोशास ठोसा देण्याचे आवाहन करावे, असे दृश्य मी तरी त्यापूर्वी पाहिले नव्हते. लास वेगासच्या टी-मोबाइल अरीनामध्ये 13 एप्रिल 2024 रोजी मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे सामने भरवणाऱ्या यूएफसी या अमेरिकी कंपनीचा तीनशे क्रमांकाचा सोहळा झाला. भारतात तेव्हा 14 तारखेची, रविवारची सकाळ होती. हवाई बेटांतील वायनाए येथील मॅक्स हॉलोवे आणि अ‍ॅरिझोनाचा जस्टिन गेची यांच्या पाचव्या फेरीत दहा सेकंद उरल्याचा लाकडी ठोका वाजला, हॉलोवेने ते बोट दाखवले, गेचीने ते आवाहन तत्क्षणी स्वीकारले, दोघेही डोळे मिटून घेतल्यासारखे एकमेकांवर तुटून पडले, आणि हॉलोवेच्या उजव्या हाताच्या ठोशाने गेची तोंडावर कोसळला, तेव्हा फेरी संपण्यास एक सेकंद बाकी होता.

माझ्या मनात प्रथम निर्भेळ आनंद उसळला, आणि गेची निश्चल पडलेला पाहताच त्या आनंदात भय मिसळले. या दोन्ही भावना खऱ्या होत्या. त्यांपैकी एकीच्या समाधानासाठी दुसरी नाकारणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि पुढे जे लिहिले आहे ते या दोहोंना एकत्र ठेवूनच लिहिले आहे.

हॉलोवेने जे केले ते अविचाराचे होते, असे म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नाही. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. तो मूळचा कमी वजनाच्या गटातील माजी विजेता. एक गट वर चढून, ज्याच्या एका ठोशात सामना संपवण्याची ताकद आहे अशा माणसाशी तो लढत होता. पहिल्याच फेरीच्या अखेरीस त्याने गिरकी घेऊन मारलेल्या लाथेने गेचीचे नाक मोडले होते आणि त्यानंतरचा बहुतेक सामना त्याच्याच मनाप्रमाणे चालला होता. परंतु आपल्याकडे कुस्तीच्या मैदानाला जाणाऱ्या जुन्या शौकिनाला विचारावे, गुणांवर सुटलेली कुस्ती आणि निकाली कुस्ती यांत अंतर किती. तो सांगेल की पहिलीत पंच विजेता ठरवतो आणि दुसरीत मल्ल. हॉलोवेने त्या दहा सेकंदांत गुणांवर जिंकलेली लढत स्वखुशीने निकाली करून टाकली. जी पंचांच्या कागदावर त्याची झालीच होती, ती त्याने प्रतिस्पर्ध्याच्या हातात परत ठेवली आणि पुन्हा जिंकून घेतली. आणि गेचीचे काय? नाक मोडलेले, डोळ्यांत चुकून लागलेल्या बोटांचा त्रास झालेला, हरत आलेला तो माणूस त्या आवाहनाकडे पाठ फिरवू शकला असता असे मला वाटत नाही; त्याचा सारा स्वभाव त्याला मध्यभागी ओढत होता. तथापि तोही स्वतःच्या पायांनी तेथे आला, म्हणून त्या क्षणाच्या श्रेयात त्याचा वाटा विजेत्याइतकाच आहे, असे मी मानतो.

त्या रात्रीचे इतर सामने मी येथे विस्ताराने सांगत नाही, परंतु दोन प्रसंग या विचाराशी निगडित आहेत. मुख्य लढतीत जमाहल हिलची लाथ अ‍ॅलेक्स परेराच्या जांघेत बसली, तेव्हा पंच हर्ब डीन त्याला विश्रांती देण्यास पुढे सरसावले. परेराने नियमाने मिळणारी ती सवड हाताच्या इशाऱ्याने नाकारली आणि क्षणार्धात डाव्या हाताच्या ठोशाने हिलला खाली आणले. दोन चिनी स्त्रियांमधील विजेतेपदाच्या सामन्यात यान श्याओनान पहिल्या फेरीच्या अखेरीस गळ्याच्या फासात शुद्ध हरपल्यासारखी दिसली, तरी ती उठली, आणि पुढच्या चार फेऱ्या झांग वेइलीशी लढली. पहिला प्रसंग मी मान ताठ करून पाहिला. दुसरा पाहताना मात्र कोणीतरी हा सामना थांबवावा असे मला वाटत राहिले, कारण शुद्धीवर असलेल्या माणसाने सवड नाकारणे आणि नुकत्याच भानावर आलेल्या व्यक्तीने पुढे लढणे यांत इच्छेच्या स्वातंत्र्याचा फरक आहे.

माझे सारे म्हणणे या इच्छेच्या स्वातंत्र्यावर उभे आहे. हॉलोवेचे ते बोट मला वंदनीय वाटते, याचे कारण ते कोणी मागितले नव्हते. त्याने मागे सरून सामना संपवला असता तर कोणीही त्याला बोल लावू शकले नसते. परंतु ज्या व्यवस्थेत तो लढत होता, ती व्यवस्था असे शौर्य मागण्याच्याच दिशेने उभारलेली आहे. हॉलोवे आणि गेची यांच्या लढतीत जो पट्टा पणाला लागला होता, तो वजनगटाच्या विजेत्याचा नव्हता. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मास्विदाल आणि डियाझ या लढवय्यांच्या सामन्यासाठी तो प्रथम निर्माण करण्यात आला, आणि सर्वांत निर्भय, सर्वांत बेदरकार कोण, एवढेच तो ठरवतो. त्यात भर इनामाची. एरवी रात्रीच्या सर्वोत्कृष्ट कामगिरीला त्या काळी 50,000 डॉलर मिळत. या सोहळ्यासाठी ती रक्कम 3,00,000 करण्यात आली, आणि हॉलोवेला दोन इनामे मिळून 6,00,000 डॉलर मिळाले. ते त्याने कमावलेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती इनाम आणि बिदागी यांच्या प्रमाणाबद्दल. ज्या धंद्यात निश्चित बिदागी तोकडी असते आणि भरघोस रक्कम केवळ मालकाच्या मर्जीवर, प्रेक्षकांच्या गर्जनेवर अवलंबून असते, तेथे सुरक्षितपणे जिंकणारा माणूस हळूहळू नुकसानीत जातो आणि जोखीम पत्करणे ही त्याची आवड न राहता निकड बनते.

हे अनुमान केवळ माझे नाही. त्याचा बराचसा पुरावा अमेरिकेच्या न्यायालयात दाखल आहे. कुंग ली प्रभृती लढवय्यांनी यूएफसीच्या मक्तेदारीविरुद्ध 2014 मध्ये जो दावा लावला, त्यातील कागदपत्रांवरून असे दिसले की कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे एक-पंचमांश, काही वर्षी त्याहूनही कमी, भाग लढणाऱ्यांच्या वाट्याला येत होता. अमेरिकेतील बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंना, त्यांच्या संघटना असल्यामुळे, निम्म्याच्या आसपास वाटा मिळतो. लढवय्यांची संघटना नाही, कंपनीच्या लेखी ते नोकर नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. 33.5 कोटी डॉलरची पहिली तडजोड न्यायाधीशांनी 2024 च्या जुलैमध्ये अपुरी म्हणून फेटाळली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये 37.5 कोटींच्या तडजोडीला अंतिम मंजुरी मिळाली. हजाराहून अधिक लढवय्यांच्या अनेक वर्षांच्या घामाची ती भरपाई होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरामाउंटने या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क सात वर्षांसाठी 7.7 अब्ज डॉलरला घेतले. म्हणजे ती संपूर्ण भरपाई एका वर्षाच्या प्रक्षेपण-उत्पन्नाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी ठरते. यूएफसीच्या शंभराव्या, दोनशेव्या आणि तीनशेव्या अशा तिन्ही सोहळ्यांत लढलेला एकच माणूस आहे, जिम मिलर. चाळिशीत पोहोचलेला तो त्या रात्री बॉबी ग्रीनकडून हरून परतताना मी पाहिला, आणि एवढ्या प्रदीर्घ सेवेनंतर ज्याला निवृत्तिवेतन म्हणून काही मिळावे अशी तरतूदच नाही, त्याच्याकडे पाहून टाळी वाजवताना माझा हात जड झाला.

मेंदूवर बसणाऱ्या ठोशांचे दीर्घकालीन परिणाम आता कोणापासून लपलेले नाहीत. त्याच लास वेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या मेंदूविकार केंद्रात 2011 पासून व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूंचा अभ्यास चालू आहे. असे असता, हॉलोवेचे ते बोट आता एक प्रथा होऊ लागले आहे. त्या सकाळनंतर कित्येक सामन्यांत, कित्येक लढवय्यांनी, अखेरच्या दहा सेकंदांत तोच इशारा केला, आणि कोणी तो केला नाही तर प्रेक्षकांतून तो मागितला जाऊ लागला. 2024 च्याच ऑक्टोबरमध्ये अबू धाबी येथे इलिया टोपुरियाशी हॉलोवेची गाठ पडली, तेव्हा तर सामन्याआधीपासूनच त्या इशाऱ्याचीच भाषा चालली होती. तिसऱ्या फेरीत टोपुरियाने त्याला ठोशांनी पाडले, आणि तोवर नॉकआउट होऊन कधीही न हरलेला हॉलोवे त्या रात्री प्रथमच तसा हरला. मी त्या पराभवाचा दोष इशाऱ्याला देत नाही. परंतु एकदा दिलेले दान दरसाल वसूल करण्याची वृत्ती आपल्या प्रेक्षकांत मुरत आहे, आणि तिला वेळीच ओळखले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

यावर एक उत्तर असे येईल की हा खेळच रानटी आहे, तो बंद करावा. 1996 मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी त्याला माणसांच्या कोंबडझुंजीची उपमा दिली होती आणि त्या काळापुरती ती अगदीच निराधार नव्हती. 1993 मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या सोहळ्यात वजनगट नव्हते आणि नियम नाममात्र होते. पण त्या टीकेच्या दडपणाखालीच पुढे वजनगट, हातमोजे, निषिद्ध आघातांची यादी आणि वैद्यकीय तपासणी ही सारी आली. बाहेरून आलेल्या टीकेने जर एवढे घडवले, तर जो वर्ग पैसे मोजून सामने पाहतो, त्याच्या आग्रहाने याहून अधिक घडू शकेल. मुष्टियोद्ध्यांसाठी अमेरिकेत 2000 साली महंमद अलींच्या नावाचा कायदा झाला. त्यान्वये आयोजकाला आपल्या मिळकतीची माहिती मुष्टियोद्ध्याला द्यावी लागते. तो कायदा मिक्स्ड मार्शल आर्ट्सला लागू करण्याचे विधेयक अमेरिकी काँग्रेसचे तत्कालीन सदस्य मार्कवेन मलिन यांनी 2016 मध्ये मांडले. ते मंजूर झाले नाही.

आणि हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे, असे कोणी समजू नये. महाराष्ट्राचा भरत खंदारे नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला सोंग यादोंगविरुद्ध पिंजऱ्यात उतरला, पहिल्याच फेरीत गळफासात हरला, आणि तरीही भारतातून यूएफसीत गेलेला पहिला मल्ल म्हणून त्याचे नाव राहील; उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरने जून 2024 मध्ये लुईव्हिल येथे रायान दोस सांतोसवर मात करून यूएफसीत भारतीय स्त्रीचा पहिला विजय मिळवला. आपल्या तालमींतली मुले-मुली उद्या तेच करारनामे पुढे ओढून त्यांवर सही करणार आहेत. त्या करारनाम्यात निश्चित बिदागी किती, लढतीच्या उत्पन्नाचा हिशेब पाहण्याचा हक्क आहे की नाही, दुखापतीनंतरच्या वर्षांची तरतूद काय, आणि करार संपल्यावर दुसऱ्या आयोजकाकडे जाण्याची मोकळीक कितपत, हे प्रश्न त्यांच्या वस्तादांनी विचारावेत, पत्रकारांनी छापावेत, आणि आम्ही चाहत्यांनी पुढच्या मोठ्या रात्रीचे तिकीट किंवा वर्गणी भरताना आयोजकांना जाहीरपणे विचारावेत.