उन्हाळी, धन्याचे पाणी आणि अर्धवट गोळ्या

लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे आणि धन्याचे पाणी प्यायचे, ही आपली जुनी रीत. मी तिला हसणार नाही. भरपूर पाण्याने आराम पडतो. पण दुखण्याच्या मुळाशी बहुधा ई. कोलाय हा जंतू असतो. थंडी-ताप, कुशीत कळ, लघवीत रक्त किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरच गाठावा. चिठ्ठीविना प्रतिजैविके घेऊन दोन दिवसांत सोडणे तितकेच घातक. २०१३ च्या ‘एच-१’ अनुसूचीनंतरही ते थांबलेले नाही. जंतू मात्र औषधांना पुरून उरू लागले. आणि मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची चळवळ मागते ती बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुतारी? तिच्याअभावी दिवसभर पाणीच न पिणारीला काढा काय नि गोळी काय!